ढेसाचा नमुना

मी डूख धरणारी बाई आहे. माझा नवरा म्हणतो, हिला लग्नात कोण काय बोललं तेसुद्धा पाठ आहे. खरंच आहे. माझ्या लग्नात ज्या बाईने माझ्या मायच्या लुगड्याला नाव ठेवलं, तिच्या घरचं पाणी मी अजून पीत नाही. तिला हे ठाऊकही नसेल, पण मला ठाऊक आहे आणि तेवढं मला पुरतं. त्यामुळे पुढे मी जे केलं ते समाजसेवा म्हणून केलं असं कोणी समजू नये. दोन-तीन लोकांनी नंतर मला शाल द्यायची तयारी दाखवली होती, त्यांनाही मी हेच सांगितलं.

मी गोंदियाजवळ फुलचूरला राहते आणि शाळेत गणित शिकवते. माहेर अर्जुनी मोरगावच्या पलीकडे, धानाच्या गावात. आमच्या समाजाच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले. गावचा तलावही आमच्याच पणजोबा-खापरपणजोबांनी गावाला हाताशी धरून बांधला असं सांगतात. खरंखोटं मला माहीत नाही, पण त्यामुळे तलावाबद्दल बोलताना आमच्या घरातल्या माणसाचा आवाज जरा चढतो. वडील गेल्यापासून माय एकटी राहते. तिच्या वाट्याला एक बांधी, म्हणजे धानाचं खाचर आहे, तलावापासून सगळ्यात लांबचं. तलावाच्या पाळीतल्या, म्हणजे बांधातल्या, दारातून, ज्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात त्यातून, पाणी सुटलं की वरच्या बांध्या पिऊन झाल्यावर उरलं तर तिच्याकडे यायचं. पूर्वी उरायचं.

मग तलावात गाळ भरत गेला. पाणी दिसायला भरपूर, पण तुडूमच गाळाने गुदमरलेलं, तर पाणी बाहेर यावं कसं? त्या उन्हाळ्यात पाळीवर एक पिवळा फलक लागला. तलावातला गाळ काढण्याचं काम पूर्ण झालं, असं त्यावर लिहिलेलं. काम कोणाचं, तर तालुक्याच्या कचेरीचं. ठेकेदार कोण, तर सरपंचाचा साळा. एक मशीन येऊन काठाकाठाने थोडं खरवडून गेली होती, आणि गावाने ती येताना पाहिली तशी जातानाही पाहिली. पण सरपंच आपला, ठेकेदार आपला, कोणाला घरकुल हवं, कोणाला दाखला हवा. शिवाय पाळीजवळच्या बांध्यांना पाणी मिळतच होतं. ओरडायचं कोणी?

अश्विनात मायच्या बांधीतल्या लोंब्या पोचट निघाल्या. चिमटीत दाबलं की नुसतं फोलपट.  गांधी जयंतीच्या ग्रामसभेला माय गेली. मी सुट्टीवर आले होते, तिच्या मागे सतरंजीवर बसले होते, म्हणून हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. स्वच्छतेवर भाषण झालं, चहा झाला, आणि उठायची वेळ आली तेव्हा माय हात वर करून उभी राहिली.

"गाळ काढला म्हन्ता, मंग थो टाकला कोठी?" तिने विचारलं. "गावात कोनाच्याच बांधीत दिसून नाही राहिला."

प्रश्न एकदम सरळ होता. आमच्याकडे तलावाचा गाळ निघाला की तो ज्याच्या त्याच्या बांधीत जातो. धानाला त्याच्यासारखं खत नाही. गाळ निघतो तेव्हा गावभर गाड्या फिरतात, भांडणं होतात, याला जास्त मिळाला, त्याला कमी मिळाला. गाळ निघाला आणि कोणी भांडलं नाही, असं आमच्या गावात होऊच शकत नाही.

सरपंच माझा चुलत चुलतभाऊ. मायला काकी म्हणतो. मी त्याला कित्येक वर्षं राखी बांधली आहे. तो खुर्चीत रेलून म्हणाला, "काकी, गाळ तलावात नाही राहिला आता. तुह्या डोक्यात साचून राहिला."

सभा हसली. अगदी पोट धरून हसली. ज्यांच्या बाळंतपणात माय धावली होती त्या बायाही पदर तोंडाला लावून हसल्या. माय थोडा वेळ तशीच उभी होती, कोणीतरी पुढचं बोलेल म्हणून. ग्रामसेवकाने रजिस्टर मिटलं. मग ती खाली बसली आणि चपला शोधायला लागली, ज्या तिच्या समोरच होत्या.

त्या दिवसापासून गावातली पोरं तिला गाळवाली म्हणायला लागली. ती नळावर सगळ्यांच्या नंतर जाऊ लागली. पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली संध्याकाळी बायका बसतात, तिथे बसेनाशी झाली. मी फोनवर विचारलं तर म्हणायची, "पाय दुखतेत." पाय वगैरे काही दुखत नव्हते. चौऱ्याहत्तरीची बाई, आयुष्यात पहिल्यांदा भरसभेत एक प्रश्न विचारते, आणि त्याचं हे बक्षीस. मी त्या राखीच्या वर्षांची मनातल्या मनात वजाबाकी केली. मला त्याला चारचौघांत खाली मान घालायला लावायची होती. बांधी, पाणी, कायदा हे सगळं त्यानंतर.

हत्यार शोधायला फार लांब जावं लागलं नाही. माहितीच्या अधिकाराचं एक पातळ पुस्तक शाळेच्या कपाटात धूळ खात पडलं होतं. लोकांना वाटतं की या कायद्याने फक्त कागदांच्या नकला मागता येतात. मलाही तसंच वाटायचं. पण त्यात स्वच्छ लिहिलंय की नागरिकाला कामाची पाहणी करता येते, आणि कामाचे प्रमाणित नमुने घेता येतात. म्हणजे रस्ता केला म्हणता, तर दाखवा आणि खडी हातात द्या. मी ते वाक्य पुन्हापुन्हा वाचलं. कागदावर खोटं लिहायला त्यांना काय लागतं? सरपंच, साळा आणि शिक्का घरचेच होते. पण तलाव कसा खोटा लिहिणार?

मी अर्जावर दहा रुपयांचं तिकीट चिकटवलं. कामाची पाहणी आणि नमुना, एवढंच मागितलं. बल्लारशाच्या लाईनवरची गाडी पकडून अर्ज द्यायला अर्जुनीच्या त्या कचेरीत स्वतः गेले. टपालाने पाठवला असता तर त्यांची तोंडं बघायला मिळाली नसती.

आवक-जावकच्या बाबूने अर्ज उलटापालटा करून पाहिला. "मॅडम, ये सब कायले पाहिजे तुमाले?" गोंदियाची हिंदी आणि तिकडची बोली यांची खिचडी.

"कारण सांगायची गरज नाही, कायद्यात लिहिलंय," मी म्हणाले.

"वो तो है. पर फिर भी."

"सूड घ्यायचाय."

तो हसला, मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसायचा थांबला. शिक्का मारून पोच दिली.

मुदत संपली तरी उत्तर आलं नाही. मी अपील केलं. सुनावणीला गेले तर साहेब साईटवर. पुन्हा गेले तर साहेब मीटिंगमध्ये. एकदा मला सांगण्यात आलं की तुम्ही फुलचूरच्या, तलाव इकडचा, तुमचा संबंध काय. मी म्हटलं, माझा संबंध एवढाच की मी या देशात राहते. अपील ऐकणारा अधिकारी वयस्क होता, निवृत्तीला टेकलेला. त्याने माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि पाहणीचा आदेश लिहून टाकला. बहुतेक त्याला जेवायला जायची घाई होती. माझी त्याच्याबद्दल काही तक्रार नाही.

या हेलपाट्यांत गाडीच्या खिडकीशी बसून मी पुष्कळ विचार केला. हक्क म्हटलं की लोकांना मोठ्या गोष्टी आठवतात, मतदान, न्यायालय, भाषणं. मला मायच्या चपला आठवायच्या. पोटाला भाकर लागते तशी माणसाला, विचारलं तर उत्तर मिळेल ही खात्री लागते. ती नसेल तर माणूस घरातल्या घरात आक्रसत जातो, नळावर शेवटी जातो, पाय दुखतात म्हणतो. तलाव सगळ्या गावाने बांधलेला. मग त्याच्या तळाशी काय आहे हे एकट्या सरपंचाने ठरवायचं? हे मी कोणाच्या भाषणातून उचललेलं नाही. रागातून ते आपोआप सुचलं.

पाहणीचा दिवस त्यांनी पौषातला दिला. पत्र वाचून मी ओळखलं, लिहिणारा गडी हुशार आहे. पौषात तलाव डोळ्यांना भरलेला दिसतो. तळ पाण्याखाली. ‘पाहा मॅडम, गाळ काढलाय, हा बघा तलाव’ असं म्हणायचं, बोट पाण्याकडे दाखवायचं, पंचनामा करायचा, विषय संपला. उन्हाळ्यापर्यंत थांबायचं तर अर्ज निकाली निघालेला. मी चरफडले. पण नाही म्हणण्याची सोय नव्हती, कारण मीच मागितलेली पाहणी.

त्या दिवशी माय आणि मी सकाळीच पाळीवर जाऊन बसलो. कचेरीतून इंजिनिअर जीपने आला, तरुण, पांढरे बूट घातलेला. बरोबर ग्रामसेवक. जीप तलावाकडे न येता सरपंचाच्या दारात थांबली. आमच्याकडे कचेरीचा माणूस जेवल्याशिवाय परत जात नाही, मग तो चौकशीला आलेला का असेना. थोड्या वेळाने सरपंच स्वतः पाळीवर आला.

"चाल वो बाई, जेवून घे," मला म्हणाला. "काकी, तू बी चाल. माह्या घरी बहीण येते अन्‌ उपाशी जाते, हे नाही होनार."

हे तो मनापासून म्हणत होता, हीच तर गंमत. गावात माणूस तुमचं पाणी तोडेल, पण ताट मोडणार नाही. माय गेली नाही, तिने नुसती मान हलवली. मी गेले. शत्रूच्या घरचं कसं जेवायचं हा प्रश्न मला पडलाच नाही, मला सकाळपासून भूक लागली होती.

ओसरीवर पंगत बसली. वहिनी, म्हणजे सरपंचाची बायको, वाढत होती. साधी बाई. तिच्या हाताला चव आहे, हे मी वैऱ्याच्या बायकोबद्दलही मान्य करेन. भात, वरण, आणि गंजात, म्हणजे एका मोठ्या पातेल्यात, ढेसाची भाजी. ढेस म्हणजे कमळाचं मूळ. तलावाच्या तळाच्या चिखलात असतं, कापलं की आत भोकं भोकं दिसतात. आमच्याकडे पाहुण्याला ढेस वाढले म्हणजे मान दिला. चकत्या चांगल्या जाड होत्या. इंजिनिअरने पहिला घास घेतला आणि डोळे मोठे केले.

"भाभीजी, ये तो बहुत बढिया है. थोडा और."

वहिनीचा चेहरा फुलला. "आपल्याच तलावातले होत साहेब. कालच काढून आनले. यंदा तं लय मोठे होऊन राहिले. पाय टाकला का मांडीवरी चिखल, अन्‌ त्याच्यात हे असे."

तिने मनगट दाखवलं.

माझा घास तोंडात तसाच राहिला. मी सरपंचाकडे पाहिलं. तो इंजिनिअरला भात घ्या, भात घ्या करत होता. ग्रामसेवक बोटं चाटत होता. पंगतीत एकालाही काही वाटलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला, आणि इथे तर हात दाखवून वर तूप वाढणं चाललं होतं. मी खाली मान घालून सगळी भाजी संपवली आणि पुन्हा मागून घेतली. इतकं गोड जेवण मी त्यानंतर जेवलेली नाही.

पाळीवर परत आलो तोवर गाव जमलं होतं. इंजिनिअरने फाईल उघडली आणि वाचून दाखवलं, गाळ कठीण मुरूम लागेपर्यंत काढला, तळ साफ केला. मग पाण्याकडे हात केला.

"देख लीजिए मॅडम. अभी पानी है, तो नीचे का दिखेगा नहीं. लेकिन काम हुआ है."

"पाहणी झाली," मी म्हणाले. "आता नमुना."

"किसका नमुना? पानी का?"

मी चपला काढल्या, साडी खोचली आणि पाण्यात उतरले. लहानपणी हजारदा उतरले होते, पण तेव्हा पौषाचं पाणी एवढं गार लागत नव्हतं. काठापासून थोडं आत गेल्यावर पाय चिखलात गेला, गुडघ्यापर्यंत, मग त्याच्याही वर. पावलाने चाचपत गेलं की ढेस लागतो, गुळगुळीत, आडवा पडलेला. मी खाली वाकले, हनुवटी पाण्याला लागली, आणि ओढला. एकदा तुटला. दुसऱ्यांदा आख्खा निघाला, काळा चिखल निथळत, मनगटाएवढा.

तो घेऊन मी इंजिनिअरसमोर उभी राहिले. त्याच्या पांढऱ्या बुटांवर चिखल पडला, ते मी मुद्दाम केलं.

"हा नमुना. प्रमाणित करून द्या."

"ये क्या मजाक है?"

"मजाक कसली? मघाशी तुम्ही दोनदा मागून खाल्ले, ते हेच. तुम्हीच सांगा साहेब, कमळ मुरमात कधीपासून यायला लागलं?"

 पाळीवर आधी एक म्हातारा हसला, मग बाया, मग सगळेच. ज्यांना सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं तेच आता नव्याने कळल्यासारखे हसत होते. मला त्यांचाही राग आला. पण तो मी पुढच्यासाठी ठेवला. सरपंच ग्रामसेवकाकडे बघत होता, ग्रामसेवक तलावाकडे. इंजिनिअर म्हणाला, ऐसा नमुना नहीं होता. मी पुस्तक काढलं आणि ओळीवर बोट ठेवलं. चार-पाच मोबाईल त्याच्याकडे रोखलेले होते. शेवटी त्याने जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं, तलावाच्या तळातून काढलेले कमळाचे मूळ, चिखलासह, एक नग. खाली सही. ग्रामसेवकाने ढेस वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळी बांधली आणि गाठीवर शिक्का मारला. 

परत जाताना वहिनी तिच्या दारात उभी दिसली. तिला नंतर घरात फार बोलणी खावी लागली असं ऐकलं. तिच्या भावाचं काम तिच्याच भाजीने उघडं पडलं होतं. ती माझ्याशी आता बोलत नाही. वाईट वाटतं, पण एवढं नाही की मी ढेस परत पाण्यात टाकला असता.

आठवड्याभरात सरपंच फुलचूरला आला. मिठाईचा डबा घेऊन. सोफ्याच्या कडेला बसला. ढेस आमच्या फ्रिजमध्ये होता, सुतळीसकट, आणि मी मुद्दाम पाणी आणताना फ्रिजचं दार उघडं ठेवलं, त्याला दिसावा म्हणून.

"बाई, वरून चौकशी लागून राहिली," तो म्हणाला. "मी उन्हाळ्यात सगळा गाळ काढून देतो, माह्या पदरचे लावून. तू अर्ज मागे घे. आपन घरचे होत."

"मायला उत्तर दे आधी," मी म्हटलं. "जिथे हसलास तिथे."

"मंग घेशील मागे?"

"तू उत्तर दे."

मी हो म्हटलं नव्हतं. त्याने ते हो समजून घेतलं, त्याला मी काय करू.

प्रजासत्ताक दिनाची ग्रामसभा झेंड्यानंतर भरली. कधी नव्हे इतकी गर्दी. मायला मी हाताला धरून आणलं. पाय दुखतात म्हणाली, मी ऐकलं नाही. सतरंजीवर पुढेच बसवलं. सरपंच उभा राहिला. खुर्चीत रेलायची सवय, त्याला हात कुठे ठेवावेत कळेना. घसा खाकरला, जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाला, "काकी, गाळ काढला नाही. फलक खोटा लावला. तुह्यं खरं होतं."

मी या वाक्यासाठी गांधी जयंतीपासून जगत होते. मला वाटलं होतं की ते ऐकल्यावर छातीत काहीतरी मोकळं होईल. झालंही. मी गर्दीतल्या एकेका तोंडाकडे पाहून घेतलं, कोण त्या दिवशी किती हसलं होतं ते मला तोंडपाठ होतं. सरपंच खाली बसायला लागला. त्याच्या मते हिशेब मिटला होता.

माय उठली. गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू.

"नाही काढला हे तं मले ठाऊकच होतं," ती म्हणाली. "मंग हसलास कायले?"

 तो अर्धवट वाकलेला, ना बसलेला ना उभा. त्याने ग्रामसेवकाकडे पाहिलं. ग्रामसेवक रजिस्टरात काहीतरी शोधत होता. कचेरीला ‘का?’ असं विचारलं तर हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही असं छापील उत्तर येतं, मला ते पाठ आहे. पण मायने अर्ज केला नव्हता. तिने तोंडाने विचारलं होतं आणि आता ती खाली बसायला तयार नव्हती.

"सांग," ती म्हणाली. "मी उभी आहो."

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. भाऊ बहिणीकडे बघतो तसं, कळवळून. मी एक शब्द बोलले असते तर माय बसली असती, सभा उठली असती, चहा झाला असता.  मी मांडी बदलली, आरामात बसले आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.